पाठ नसलेलं घर

खोटं बोलू नये, ही गोष्ट आपल्याला इतक्या लहानपणी शिकवतात की ती पाळायची वेळ येईपर्यंत आपण ती विसरून गेलेलो असतो. पण खोटं चित्र काढू नये, असं मात्र आपल्याला कुणीच शिकवलेलं नाही. आईवडिलांनी नाही, गुरुजींनी नाही आणि कीर्तनकारांनीही नाही. आमच्या ड्रॉइंगच्या मास्तरांना वर्गातल्या निम्म्या मुलांचे आंबे वांग्यासारखे दिसत. पण ‘खोटा आंबा काढलास’ म्हणून त्यांनी कधी कुणाला छडी मारली नाही. याचं कारण उघड आहे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळापर्यंत चित्र हे चित्रासारखंच दिसत असे. कॅलेंडरवरच्या लक्ष्मीच्या हातातून मोहरांची धार पडताना आपण वर्षानुवर्षं पाहत आलो. पण त्या कॅलेंडरखाली परात धरून बसलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही. चित्रानं कुणी फसतच नव्हतं, तेव्हा चित्राला नीती शिकवायची गरजही नव्हती.

ती गरज आता पडली आहे, आणि ती आमच्या घरातच पडली आहे. कारण माझा पुतण्या थ्री-डी करतो.

‘थ्री-डी करतो’ हे क्रियापद त्याचं स्वतःचं. पूर्वीची मुलं बी.ए. करत, नोकरी करत, लग्न करत, आणि यातलं काहीच जमलं नाही तर राजकारण करत. हा थ्री-डी करतो. भंडाऱ्यातल्या आमच्या घराच्या माडीवर संगणकापुढे बसून तो जगात नसलेले दिवाणखाने, नसलेल्या बागा आणि नसलेल्या इमारती तयार करतो, आणि त्यांची चित्रं अशी काढतो की कुणी तिथं जाऊन फोटोच काढून आणला असं शपथेवर सांगावं. ‘मी दिवसभर ब्लेंडरवर असतो’, असं त्यानं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आमच्या ताईला वाटलं, एवढा शिकलेला पोरगा वाटण वाटायला बसवला! ताई म्हणजे माझी थोरली बहीण आणि त्याची आत्या. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली. निवृत्त झाली ती शाळेतून, तपासणीतून नव्हे.

हे ब्लेंडर म्हणजे संगणकातलं एक साधन आहे. हॉलंडमधल्या टॉन रोझेनडाल नावाच्या गृहस्थानं ते उभं केलं. धंदा बसला तेव्हा त्यानं जगभरच्या लोकांकडून वर्गणी काढली. सात आठवड्यांत १ लाख युरो जमले, आणि २००२ च्या ऑक्टोबरात ते साधन सगळ्यांना फुकट खुलं झालं. ज्या कामासाठी वर्गणी काढली तेच काम करणारा माणूस आपल्याकडच्या एखाद्या मंडळात असता तर दुसऱ्या वर्षी त्याला कुणी खजिनदार केला नसता.

हे साधन उघडलं की पडद्यावर तीनच गोष्टी असतात : एक ठोकळा, एक दिवा आणि एक कॅमेरा. सृष्टीच्या आरंभी काय होतं, यावर आपल्या ऋषिमुनींनी फार खोल चिंतन केलं. हॉलंडच्या मंडळींनी तो प्रश्न ठोकळ्यावर मिटवला. बरं, तो ठोकळा तरी ठेवावा! पण बसल्या बसल्या आधी तो पुसून टाकायचा, अशी या मंडळींची जगभर रीत आहे म्हणे. मग बिंदू टाकायचे, बिंदूंना रेषांनी जोडायचं, रेषांच्या मधे पापुद्रे ताणायचे. अशी एक कोळ्याच्या जाळ्यासारखी जाळी तयार होते. आत सगळं पोकळ. त्या पोकळीवर लाकडाचं, दगडाचं किंवा धातूचं कातडं चढवलं की झाली वस्तू. मनुष्यदेहाबद्दल आपले संत याहून वेगळं काही सांगत नव्हते.

भंडारा ही पितळेची नगरी. गावाचं नावसुद्धा ‘भाणा’ म्हणजे भांडं यावरून पडलं, असं जुनी माणसं सांगतात. तेव्हा पुतण्यानं शिकताना पहिली वस्तू केली ती पितळेचा गुंड. (आमच्याकडे पाण्याच्या भांड्याला गुंड म्हणतात, पुण्यामुंबईच्या वाचकांनी दचकू नये.) गुंड इतका हुबेहूब की ताईनं कौतुकानं पडद्याजवळ डोकं नेलं आणि आपल्या जन्मजात सवयीनं म्हणाली, ‘उलटा करून दाखव.’ त्यानं उलटा केला. गुंडाला बूड नव्हतं.

पण यात त्यानं काही पाप केलं नव्हतं. उलट घराण्याची परंपरा पाळली होती. १९७५ साली अमेरिकेतल्या यूटा विद्यापीठात मार्टिन न्यूएल नावाच्या संशोधकाला संगणकात उतरवायला एखादी साधी ओळखीची वस्तू हवी होती. बायको म्हणाली, ही आपली चहाची किटली घ्या की. त्यानं ती पांढरी किटली समोर ठेवून कागदावर काढली आणि तिचे आकडे संगणकाला दिले. पुढं ते आकडे जगभर गेले. गेली पन्नास वर्षं संगणकावर चित्रं काढणाऱ्यांची ही किटली म्हणजे आपल्या संगीतातलं ‘सा रे ग म’. मूळ किटली कॅलिफोर्नियात संगणकांच्या संग्रहालयात मानानं ठेवली आहे. पण गंमत अशी की, न्यूएलच्या त्या मूळ आकड्यांत किटलीला बूडच नव्हतं. चित्रात ते दिसत नव्हतं, म्हणून केलं नव्हतं. खोट्या गोष्टीला आपण मराठीत बिनबुडाची म्हणतो. या कलेची तर आद्य किटलीच बिनबुडाची!

आता दुसरी गंमत. आमच्या गावातल्या पितळेच्या कारागिराचा सगळा जन्म भांड्याचे पोचे काढण्यात जातो. पुतण्याचा जन्म पोचे घालण्यात जातो. संगणकानं काढलेलं भांडं इतकं गुळगुळीत, इतकं निर्दोष निघतं की पाहणाऱ्याला ते खोटं वाटतं. म्हणून त्यावर मुद्दाम ओरखडे काढायचे, काठाला बोटांचे ठसे उमटवायचे, चिंचेनं घासताना राहून गेलेला काळा डाग ठेवायचा. ताईनं विचारलं, ‘चांगलं भांडं खराब काहून करून राहिला रे?’

‘त्याच्याशिवाय खरं वाटत नाही, आत्या.’

ताई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘माणसाचंही तसंच आहे म्हणा.’ आणि माझ्याकडे पाहिलं.

सगळी मांडामांड झाली की मग ‘रेंडर’ लावतात. पूर्वी आमच्या घरी रात्री विरजण लावत, आता रेंडर लावतात. दोन्हींना रात्रभर हात लावायचा नसतो. पडद्याएवढ्या एका साध्या चित्रात १,९२० गुणिले १,०८० म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. त्यातल्या प्रत्येक ठिपक्यावर उजेड कुठून आला, कुठं आपटला, कुणाचा रंग घेऊन पुढं गेला, याचा हिशेब तो संगणक रात्रभर करतो. असा हिशेब केल्यावर कुणाचंही डोकं तापेल, संगणकाचंही तापतं. भंडाऱ्याच्या मे महिन्यात घरातला कूलर कुणाकडे तोंड करून ठेवायचा यावर भाऊबंदकी होते. आमच्याकडे तो संगणकाकडे तोंड करून असतो आणि आम्ही सगळे गच्चीवर. आणि एवढं करून पहाटे लाईन गेली की रात्रभराचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून.

या हिशेबाची तऱ्हा मोठी विलक्षण आहे. आपल्या न्यायदर्शनातल्या आचार्यांचं म्हणणं असं होतं की, डोळा हा तेजाचा बनलेला आहे; त्यातून किरण निघतो, वस्तूपर्यंत जाऊन तिला भेटतो, तेव्हा ती आपल्याला दिसते. पुढं विज्ञानानं हे मोडीत काढलं. उजेड वस्तूवरून डोळ्यात येतो, डोळ्यातून काही बाहेर जात नाही, हे ताईनंच तीस वर्षं पोरांकडून घोकून घेतलं. आणि आता हा संगणक पाहावा, तर आचार्यांच्या पंगतीला! दिव्यातून निघालेले सगळे किरण मोजत बसलं तर त्यातले बहुतेक कॅमेऱ्याकडे फिरकतच नाहीत, मेहनत वाया. म्हणून तो उलटा चालतो. कॅमेऱ्याच्या डोळ्यातून किरण सोडतो, तो वस्तूवर आदळला की तिथून दिव्याचा माग काढतो. आरशातलं प्रतिबिंब आणि काचेतून वळणारा उजेड या उलट्या वाटेनं कसा मोजायचा, ते टर्नर व्हिटेड यांनी १९८० साली लिहून प्रसिद्ध केलं, आणि मग ही विद्या फोफावली.

पण या उलट्या वाटेला एक खोड आहे. डोळा जिथं जाणार नाही, तिथं काही असण्याची फारशी गरजच उरत नाही. किटलीला बूड लागत नाही ते यामुळेच. हे वाक्य मी तेव्हा केवळ शास्त्रीय माहिती म्हणून ऐकून घेतलं होतं.

तर मुद्दा असा की, नसलेलं दाखवणं हे पाप आहे का?

मला विचाराल तर नाही. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या मुलखात, दिवाळीच्या सुमारास धान हाती यायला लागलं की गावोगाव मंडई भरतात आणि रात्ररात्र नाटकं चालतात. मागच्या पडद्यावर राजवाडा रंगवलेला असतो. वारा आला की राजवाडा पोटात कळ आल्यासारखा हलतो. तरी त्या राजवाड्यातून सुनेला बाहेर काढलं की समोरची हजार माणसं डोळे पुसतात. यात कोण कुणाला फसवतं? सकाळी सहाला नाटक संपल्यावर ‘हा वाडा केवढ्याला देता?’ असं विचारायला कुणी स्टेजवर गेलेलं नाही.

हजार-अकराशे वर्षांपूर्वी काश्मीरच्या श्रीशंकुकानं हेच फार नेमकं सांगितलं. त्याचा ग्रंथ आज उरलेला नाही. अभिनवगुप्तानं त्याचं मत खोडण्यासाठी नोंदवून ठेवलं म्हणून आपल्याला कळतं. (विरोधक विद्वान असला तर असा फायदा होतो.) शंकुक म्हणतो, चित्रातला घोडा पाहताना ‘हा घोडाच आहे’ असं आपल्याला वाटत नाही. ‘हा घोडा नव्हे’ असंही वाटत नाही. ‘घोडा असेल की नसेल?’ असा संशय येत नाही, आणि ‘हा घोड्यासारखा आहे’ अशी तुलनाही आपण करत नाही. या चारींहून वेगळी, अशी ती पाचवीच जाणीव असते. यालाच चित्रतुरगन्याय म्हणतात. अट एवढीच की त्या घोड्यावर बसायचं नाही. शंकुकाच्या वेळी चित्रातला घोडा हप्त्यानं मिळत नव्हता, त्यामुळे ही अट वेगळी सांगायची त्याला गरज पडली नसावी.

तिकडे ग्रीसमध्ये प्लेटो चित्रकारांवर जास्त नाराज होता. त्यानं खाटेचा हिशेब मांडला : खाटेची मूळ कल्पना देवाची, तिच्यावरून सुतार करतो ती दुसरी खाट, आणि सुताराच्या खाटेवरून चित्रकार काढतो ती तिसरी, म्हणून चित्रकार सत्यापासून सगळ्यांत दूर. आज प्लेटो असता तर त्याला हिशेब पुन्हा मांडावा लागला असता. आयकिया नावाची स्वीडनची मोठी फर्निचरची कंपनी आहे. २००६ साली तिनं एका खुर्चीचं चित्र कॅमेऱ्याऐवजी संगणकात तयार केलं. २०१४ च्या सुमारास कंपनीच्याच लोकांनी सांगितलं की, वस्तूंच्या सुट्या चित्रांपैकी जवळजवळ ७५ टक्के चित्रं अशीच केलेली असतात. लोकांनी त्या चित्रांवरून खुर्च्या घेतल्या आणि निवांत बसले. फोटो खोटा, पण खुर्ची खरी. चित्रात चार पाय, घरी आली तेव्हाही चार पाय. मग तक्रार कशाची?

इथपर्यंत तत्त्वज्ञान सुरळीत चाललं होतं. मग घरात नाला आला.

नागपूरच्या कडेला एक सात मजली इमारत उभी राहायची होती. तिच्या जाहिरातीचं चित्र काढायचं काम पुतण्याकडे आलं. नकाशे आले, जागेचे फोटो आले. पंधरा दिवस खपून त्यानं इमारत उभी केली : प्रत्येक गच्चीत कुंड्या, खिडक्यांना झुळझुळते पडदे, खाली हिरवळ, हिरवळीवर फुगा घेऊन धावणारं पोर. वर आकाश असं की तसं आकाश नागपूरला दाखवलं तर नागपूरकर घाबरून घरात शिरतील. ताईनं ते चित्र पाहिलं आणि तिचं मन त्यात गुंतलं. मुलगी नागपूरला, मोठे दवाखाने नागपूरला, भंडाऱ्याहून साठेक किलोमीटर. निवृत्तीचे पैसे बँकेत पडलेले. ‘तिसऱ्या मजल्यावरचं घेऊन टाकावं म्हणते,’ असं म्हणून ती पडद्याजवळ गेली, आणि तीस वर्षांची सवय पुन्हा जागी झाली.

‘मांगची बाजू दाखव.’

‘मागची केली नाही, आत्या. लागत नाही.’

‘दाखव तर.’

त्यानं इमारत फिरवली. फिरवता फिरवता बागेतली झाडं एकेक करून पत्त्यासारखी पातळ झाली. फुगा घेतलेलं पोर कडेनं पाहिल्यावर कागदाच्या कडेएवढं उरलं. आणि सात मजली इमारत वळून उभी राहिली तेव्हा तिला मागची भिंत नव्हती. आत खोल्या नव्हत्या, जिने नव्हते; नुसती करड्या रंगाची पोकळी आणि तिच्या पुढ्यात चेहऱ्यासारखा लावलेला दर्शनी भाग.

‘बाप्पा!’ ताई म्हणाली, ‘या घराले पाठच नाही!’

‘ते चित्रात, आत्या. खऱ्या इमारतीला असेल.’

‘अन्‌ ही हिरवळ संपते तिथं का आहे?’

‘नाला.’

‘चित्रात?’

‘चित्रात नाही. जागेवर.’

फोटोत तो होता. उघडा, भिंतीला लागून, डास पाळावेत तसा पाळलेला. बिल्डरच्या ऑफिसातून निरोप होता : नाला काढून टाका, तिथं हिरवळ घ्या. पुतण्यानं घेतली होती. मी त्याच्याकडे पाहिलं तेव्हा तो म्हणाला, ‘काका, मी फक्त चित्र काढतो. विकतात ते.’

हे वाक्य फार मोठ्या कुळातलं आहे. मी फक्त सही करतो. मी फक्त पत्रिका जुळवतो. मी फक्त साहेबांनी सांगितलं ते टाइप करतो. जगातली निम्मी कामं या ‘फक्त’वर चालली आहेत आणि उरलेली निम्मी त्याच्यामुळे अडली आहेत. पण पुतण्याला नुसतं दटावून भागणार नव्हतं. पुढच्या तीन महिन्यांची कामं त्याच ऑफिसातून यायची होती. आणि दुसरं म्हणजे, त्यानं विचारलेल्या प्रश्नाला माझ्यापाशी तयार उत्तर नव्हतं. तो म्हणाला, ‘काका, ही झाडं आज तिथं नाहीत. पोहायचा तलाव नाही. अहो, इमारतच नाही! नसलेली इमारत दाखवली ती तुम्हाला चालते, आणि असलेला नाला नाही दाखवला तर चालत नाही. असं का?’

प्लेटोला बोलवावं असा हा प्रश्न. पण उत्तर ताईनं दिलं. ‘इमारत नाही हे घेणाऱ्याले माहीत असते. नाला आहे हे माहीत नसते.’

मी त्या रात्री गच्चीवर पडून यावर पुष्कळ विचार केला. (कूलर खाली संगणकाला होता, तेव्हा विचार करण्याखेरीज दुसरं काही करता येत नव्हतं.) आणि मला वाटतं, ताईनं या प्रश्नाचं बूड बरोबर शोधलं होतं.

नसलेलं दाखवणं हा एक वायदा असतो. ‘अशी झाडं लावू, असा तलाव बांधू.’ वायदा मोडला तर निदान मोडला असं म्हणता येतं. कुणाला तरी जाऊन विचारता येतं. आपल्याकडे २०१६ साली रेराचा कायदा झाला. जाहिरातीतल्या चुकीच्या किंवा खोट्या माहितीवर विसंबून कुणी पैसे भरले आणि त्याचं नुकसान झालं, तर त्याला भरपाई मिळावी, असं त्याच्या बाराव्या कलमात आहे. महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून महारेराचं काम सुरू झालं, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून बिल्डरांच्या जाहिरातींत तो चौकोनी ठिपक्यांचा क्यूआर कोड छापणं सक्तीचं झालं. तो मोबाइलनं टिपला की प्रकल्पाची नोंद समोर येते. म्हणजे वायद्याची वही कुठंतरी आहे. पण जे पुसलं, त्याचा वायदा कुठं असतो? ‘इथं नाला नाही’ असं चित्रात कुणीही लिहिलेलं नसतं. तिथं फक्त गवत असतं. गवताला तुम्ही काय विचारणार?

जुन्या फोटो स्टुडिओची आठवण काढा. मागं ताजमहाल रंगवलेला पडदा, बाजूला लाकडी मोटार. आपल्या मागच्या पिढीतल्या कितीतरी जोडप्यांनी ताजमहालापुढे फोटो काढून घेतले आणि त्यातल्या एकावरही कुणी फसवणुकीचा आरोप केला नाही. पण त्याच स्टुडिओत लग्नाच्या फोटोवरून देवीचे वण पेन्सिलीनं घालवून मिळत. आणि त्यावरून मात्र मांडवात रणं माजली. ताजमहाल घातला तरी चालला, चार वण पुसले ते चालले नाहीत. धर्मराजाचंही तेच. त्यानं मेलेला हत्ती काही जन्माला घातला नाही. तो होता, आणि त्याचं नाव अश्वत्थामाच होतं. त्यानं फक्त ‘हत्ती’ हा शब्द हळू आवाजात उच्चारला. म्हणजे पुसलाच. तेवढ्यावर जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला.

आता यावर कुणी म्हणेल, अहो, प्रत्येक चित्रात काहीतरी वगळावंच लागतं. बरोबर आहे. प्रत्येक डास काढत बसलं तर इमारत कधी निघायची? पुतण्याही हेच म्हणाला. पण त्यालाही ताईचं उत्तर होतं, आणि ते कलमाला कलम जोडणाऱ्या वकिलापेक्षा सोपं होतं : जे कळलं असतं तर घेणाऱ्यानं घेतलं नसतं, तेवढं पुसू नये. बाकी झाडं काय वाट्टेल तितकी काढ, माकडंही बसव.

पुतण्यानं आधी एक मधला मार्ग काढून पाहिला. ‘मी नाला पुसत नाही, कॅमेराच थोडा डावीकडे वळवतो.’ ताईनं नुसतं पाहिलं. तिच्या वर्गात अशी मान वळवून खोटं बोलणारी पुष्कळ पोरं होऊन गेली असावीत. शेवटी त्यानं नाला काढला. चांगला, निगुतीनं, पाण्यावर उजेडाची तिरीप देऊन काढला, आणि चित्र पाठवून दिलं. सोबत लिहिलं की, तुम्ही यावर झाकण टाकणार असाल तर तसा नकाशा द्या, मी झाकणही काढतो. पण नसलेलं दाखवीन, असलेलं पुसणार नाही.

नकाशा आला नाही. काम दुसऱ्या कुणाकडे गेलं, आणि पुढची तीन महिन्यांची कामंही त्याच वाटेनं गेली. महिन्याभरानं जाहिरात झळकली. नाल्याच्या जागी हिरवळ होती. तीवर हरणं सोडली नव्हती, हाच काय तो संयम. सत्याचा शेवटी विजय होतो यावर माझा विश्वास आहे. पण तो हप्त्याच्या तारखेआधी होईल याची हमी कुणी घेत नाही. घरात दोन दिवस कुणी फारसं बोललं नाही. माझ्या भावानं ‘तत्त्वांनी कूलरचं बिल भरत नाही’ असं एकदा भिंतीकडे पाहून म्हटलं. ताईनं पैसे पोस्टात टाकले आणि भंडाऱ्यातच राहायचं ठरवलं.

मग एके दिवशी तीच माडीवर गेली. ‘काम नाही ना तुले? मग माझी शाळा काढून दे.’

तिची पहिली शाळा वैनगंगेच्या काठच्या एका गावात होती. १९८८ साली पवनी तालुक्यात गोसे खुर्दच्या धरणाची पायाभरणी झाली, आणि पुढं पाणी अडलं तशी आमच्या आणि नागपूर जिल्ह्यातली कितीतरी गावं उठली. तिचं ते गावही उठलं. आता तिथं पाणी आहे. ज्या मुलखात गावंच्या गावं अशी नकाशावरून गेली, तिथं ‘पुसणं’ हा शब्द जरा जपूनच वापरतात.

पुतण्यानं दोन दिवसांत शाळा उभी केली. कवेलूंचं छप्पर, पांढऱ्या भिंती, पुढं कडुलिंब. एखाद्या मंत्र्यानं उद्घाटन करावं अशी. ताईनं पाहिली आणि तपासणी सुरू झाली. कवेलू इतके सारखे नव्हते. वानरांनी डाव्या बाजूचे फोडले होते आणि तिथून तिसरीच्या वर्गात गळत होतं. उत्तरेच्या भिंतीला पावसाळ्यात ओल यायची, ती माणसाच्या कानाच्या आकाराची होती. घंटा पितळेची नाही. रुळाचा तुकडा टांगला होता. ओसरीवर बकऱ्या बसत. एका बाकाचा पाय मोडका होता, त्याखाली वीट. अन्‌ शाळेच्या मागं मुतारी होती, ती कुठं आहे? ‘मांगची भिंत काढ. पोरांनी तिच्यावर कोळशानं माझं नाव लिहिलं होतं.’

‘काय नाव, आत्या?’

‘ते तुले सांगायची गरज नाही. पुसट दाखव, म्हणजे वाचता येणार नाही.’

त्यानं सगळं काढलं. एकाही पैशाचं काम नसताना त्यानं त्या शाळेची पाठ काढली, मुतारी काढली, वीट काढली. मी माडीच्या दारात उभा राहून पाहत होतो. ज्याला विकायचं होतं त्यानं एक नाला पुसायला सांगितलं. जिनं जीव लावला होता ती एकेक डाग आठवून घालायला लावत होती. ही शाळा जगात नाही. तरी त्या चित्रात खोटं काय होतं, हे दाखवायला मला शंकुकालाही बोलवता आलं नसतं.

रात्री रेंडर लावलं. कूलर संगणकाकडे, आम्ही गच्चीवर. पहाटे रीतीप्रमाणे लाईन गेली. सकाळी पडद्यावर अर्धीच शाळा होती : छप्पर, फुटके कवेलू, फळ्याचा वरचा काठ आणि त्यावर पुतण्यानं हौसेनं टाकलेली तारीख. ताई चहाचा कप घेऊन वर आली आणि चष्मा लावून कितीतरी वेळ पाहत राहिली. आता तिच्या डोळ्यांत पाणी येणार, म्हणून मी खिडकीबाहेर पाहायला लागलो.

‘आज रात्री परत लाव,’ ती पुतण्याला म्हणाली. ‘अन्‌ ती तारीख बदल. त्या दिवशी दिवाळीची सुट्टी होती.’